माळ्यावरची तीन पोती

प्रश्न (पत्राचा सारांश): सोलापुरात अक्कलकोट रोडच्या बाजूला शाळेच्या युनिफॉर्मचा छोटा कारखाना चालवणाऱ्या एका वाचकाचं हे पत्र. वय ४१. वडिलांचे यंत्रमाग होते. ते भंगारात गेल्यावर यांनी शिलाईचं काम सुरू केलं. आज १६ मशीन आहेत आणि सीझनला वीसेक माणसं. जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेची गर्दी ओसरली की काम चढतं, ते जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत. आषाढी झाली की चार मशीन चालतात, तीही जेमतेम. ते लिहितात, 'दिवाळीपर्यंत दिवस ढकलायचे. दुकानात बसून मोबाईल बघतो आणि स्वतःचीच लाज वाटते. सगळे पुढे गेले, मी तिथंच.' पुण्यातले मेव्हणे तीन महिन्यांचा ऑनलाइन डिजिटल मार्केटिंगचा कोर्स करा म्हणतात. फी ६५,००० रुपये. धंद्यातल्या एका मित्राचं म्हणणं, पॅटर्न (कापड कापायचे साचे) काढायचं सॉफ्टवेअर घ्या. बायको म्हणते, आधी मुलाची अकरावीची फी भरा आणि चार दिवस घरात लक्ष द्या. कटिंग मास्तर ६३ वर्षांचे आहेत आणि दिवाळीनंतर थांबायचं म्हणताहेत. मध्येच एक ओळ आहे: 'लातूरच्या पार्टीनं ३४० शर्ट परत पाठवले, तीन पोती माळ्यावर पडलीत, बघायची इच्छा होत नाही.' त्यांचा प्रश्न असा, की हा रिकामा काळ वाया न घालवता नेमकं काय शिकावं?

उत्तर:

तुमच्या पत्रात कोर्सवर दीड पान आहे आणि माळ्यावरच्या पोत्यांवर एक ओळ. मला त्या ओळीबद्दलच जास्त बोलायचंय. पण आधी तुमच्या लाजेबद्दल.

ऑगस्टमध्ये कधी मंगळवेढ्याकडे गेलात तर रस्त्याच्या दोन्ही अंगाला काळी रानं मोकळी दिसतात. बाहेरचा माणूस म्हणेल, ऐन पावसाळ्यात जमीन पडीक ठेवलीय. आपल्याला माहीत असतं, की ते रान रब्बीच्या ज्वारीसाठी ओल धरतंय. कुळवाच्या पाळ्या चालू असतात, तण निघत असतं आणि पेरणी होते ती सप्टेंबर-ऑक्टोबरात. तुमचा धंदाही रब्बीचाच आहे. जुलैत मशीन थांबली म्हणून तुम्ही आळशी ठरत नाही. शाळा वर्षातून एकदाच उघडतात, त्याला तुम्ही काय करणार? लाज वाटायची तर एवढ्याचीच वाटावी, की पाळी घालायच्या दिवसांत आपण मोबाईल बघत बसलो. आणि पत्र लिहायला घेतलंत तेव्हाच तो मोबाईल खाली ठेवला होतात.

आता कोर्स. तुमचं गणित असं दिसतं: वेळ रिकामा आहे, रिकाम्या वेळात शिकायचं असतं, शिकायचं म्हणजे कोर्स करायचा, आणि महाग असेल तो चांगला. यातली पहिली पायरी सोडली तर बाकीच्या मला कच्च्या वाटतात. मी वीसेक वर्षं लहान कारखान्यांचे हिशेब लिहिले. त्यात एका गृहस्थांनी मंद्या काळात जोशात पॅटर्नचं महागडं सॉफ्टवेअर घेतलं, कॉम्प्युटर घेतला, त्यावर एक पोरगा बसवला. पोरगा सहा महिन्यांत दुसरीकडे गेला. आज त्या कॉम्प्युटरवर जीएसटीची बिलं निघतात. खोलीला एसी मात्र अजून आहे.

सॉफ्टवेअर वाईट नव्हतं. आपल्याला काय येत नाही याची यादीच त्या गृहस्थांनी केली नव्हती, त्यामुळे दुसऱ्या कुणाला तरी जे येत होतं ते त्यांनी विकत घेतलं.

तुमची यादी तयार आहे. माळ्यावर आहे.

ती तीन पोती खाली काढा. कटिंग टेबलावर पांढरी चादर अंथरा आणि ३४० शर्ट एकेक करून बघा. शेजारी वही ठेवा. कॉलर आखूड, शिलाई उसवली, बटण निघालं, रंग उतरला, कॉलरवर फुगे आले, साईज चुकली: प्रत्येक कारणाखाली एक रेघ. दीड-दोन दिवस जातील. मला वाटतं, दोन किंवा तीन कारणांखाली रेघांची गर्दी दिसेल आणि बाकीच्यांखाली चार-दोन. जिथं गर्दी, तो तुमचा यंदाचा विषय. पार्टीनं भाव पाडायला माल परत केला असेल, अशीही शंका तुमच्या मनात असेल. असंही होतं. मग ते शर्ट निर्दोष निघतील आणि तुम्हाला वेगळीच गोष्ट शिकायची आहे हे कळेल. त्यावर पुढे येते.

समजा, कापड आटलंय. मग पंधरा रुपयांच्या साबणात होणारा एक प्रयोग करून बघा. नव्या ताग्यातून थोडा मोठा तुकडा कापा. त्यावर ५० बाय ५० सेंटीमीटरचा चौकोन न जाणाऱ्या पेनानं आखा, तीनदा धुवा, प्रत्येक वेळी वाळवा, मग परत मोजा. ५० चे ४८ झाले तर आट ४ टक्के. म्हणजे ६० सेंटीमीटर उंचीचा शर्ट जवळपास अडीच सेंटीमीटर वर सरकला, आणि पोराची आई दुकानदाराशी भांडायला गेली. उभ्या धाग्याची आट आणि आडव्याची आट सारखी नसते, म्हणून दोन्ही बाजू वेगळ्या लिहा. तेच बकरमचं, म्हणजे कॉलर ताठ ठेवणाऱ्या आतल्या कापडाचं करा. कॉलरमधलं बकरम आणि वरचं कापड वेगवेगळं आटलं की कॉलरवर फुगे येतात. त्यात शिवणाऱ्या बाईचा काही दोष नसतो, पण बोलणी तिलाच बसतात. आणि ओल्या पांढऱ्या फडक्यानं गडद कापड दहा-वीस वेळा घासून पाहिलं की रंगाचंही कळतं. हे कुठल्याही मोठ्या टेस्टिंगची जागा घेणार नाही. पण ताग्याचे पैसे द्यायच्या आधी तुमच्या हातात एक आकडा असेल, आणि कापडाच्या व्यापाऱ्याशी बोलताना 'माल हलका वाटतोय' असं न म्हणता 'उभ्यात ४ टक्के आटतोय' म्हणता येईल. समोरचा माणूस खुर्चीत सरळ बसतो.

यापेक्षा महत्त्वाचं, आणि ज्याला मुदत आहे असं काम म्हणजे तुमचे मास्तर.

तुम्ही लिहिलंय, त्यांचे पुठ्ठ्याचे पॅटर्न खिळ्याला लटकलेले आहेत, त्यांवर तेलुगूत काहीबाही लिहिलंय आणि ते त्यांचं त्यांनाच कळतं. हे तुम्ही थोडं कौतुकानं, थोडं वैतागानं लिहिलंय. मला ते वाचून धडकी भरली. दिवाळीनंतर मास्तर थांबले तर भिंतीवर पुठ्ठे राहतील आणि त्यांतली अक्कल मास्तरांबरोबर पूर्वभागातल्या त्यांच्या घरी जाईल. ६५,००० रुपयांच्या कुठल्याही कोर्समध्ये तुमच्याच गिऱ्हाइकांच्या पोरांची मापं शिकवणार नाहीत. ती या माणसाच्या डोक्यात आहेत.

तेव्हा आठवड्यातून तीन सकाळी त्यांच्याबरोबर टेबलाशी उभे राहा. बसू नका, उभे राहा, ते उभेच असतात. २२ ते ४० नंबरपर्यंत प्रत्येक साईजला छाती दोन इंचांनी वाढते हे तुम्हाला माहीत आहेच. पण खांदा त्या मानानं किती वाढवायचा, बाहीची गोलाई कुठं बदलते, गळा कधी थांबतो, आणि एखाद्या शाळेचा २८ नंबर बाजारातल्या २८ पेक्षा सैल का ठेवलाय, हे त्या तेलुगू शब्दांत लिहिलेलं असणार. त्यांना वाचायला सांगा, तुम्ही मराठीत लिहा. मोबाईल टेबलावर उभा करून शूटिंग करा. पॅटर्नवर नंबर टाका, फोटो काढा, एक कोरी प्रत करून ठेवा. आणि हे फुकट करून घेऊ नका. मंद्यात त्यांचा रोज तसाही बुडतो, तो या सकाळींसाठी द्या. 'मास्तर, शिकवायचे पैसे' असं म्हणून द्या. माणूस वेगळ्या मनानं शिकवतो. कदाचित दिवाळीनंतर पूर्ण न थांबता आठवड्यातून दोन दिवस यायलाही तयार होतील. विचारून तर बघा.

एवढं झालं की मग सॉफ्टवेअरकडे वळा, तेही आधी फुकटच्या. सीमली टूडी नावाचं पॅटर्न काढायचं मुक्त सॉफ्टवेअर आहे, साध्या कॉम्प्युटरवर चालतं. मापं एका तक्त्यात भरली की साईजप्रमाणे पॅटर्न बदलतो. त्यात एक शर्ट, एक हाफ पँट आणि एक पिनो (मुलींचा बिनबाह्यांचा युनिफॉर्मचा फ्रॉक) बसवून बघा. जमलं आणि आवडलं, तर पुढच्या वर्षी विकतच्याचा विचार करता येईल. नाही जमलं तर गेले फक्त काही तास.

तिसरी गोष्ट कापडाच्या हिशेबाची, आणि यातला पैसा लगेच हाती लागतो. तुम्ही सांगता, एका हाफ शर्टाला अमुक इतकं कापड जातं. हा आकडा कुठून आला? बहुतेकांचा आकडा पहिल्या वर्षी कुणीतरी सांगितलेला असतो. आता फुरसत आहे तर मागच्या सीझनच्या बिलांवरून काढा: एकूण मीटर किती आले, एकूण शर्ट किती निघाले, चिंध्या किती किलो विकल्या. मग टेबलावर पॅटर्न वेगवेगळे मांडून बघा. दोन २८ आणि एक ३४ एकत्र मांडले तर मधली जागा वाचते का? समजा, एका शर्टामागे फक्त ३ सेंटीमीटर वाचले आणि सीझनला ९,००० शर्ट होतात. ते झाले २७० मीटर. ११० रुपये मीटरनं २९,७०० रुपये. तुमच्या मेव्हण्यांच्या कोर्सची जवळजवळ अर्धी फी चिंध्यांत चाललीय. हा आकडा मी समजून धरलेला आहे, खरा तुम्ही काढायचा.

मेव्हण्यांना नावं ठेवायची नाहीत. त्यांचा मुद्दा मला कळतो: माल चांगला असून चार ठोक व्यापाऱ्यांच्या तोंडाकडे बघत बसावं लागतं. पण तुमचं गिऱ्हाईक जाहिरात बघून शर्ट घेणारं नाही. ते आहे शाळेचं दुकान चालवणारा माणूस, एखाद्या संस्थेचा क्लार्क, तालुक्याचा व्यापारी. त्याला दाखवायला स्वच्छ उजेडात काढलेले फोटो, साईजचा तक्ता आणि व्हॉट्सअॅप बिझनेसवरचा कॅटलॉग पुरे. ते तुमचा अकरावीतला मुलगा दोन रविवारात करून देईल. त्याला पैसे द्या, नाहीतर तिसऱ्या रविवारी तो उठणार नाही. कोर्सची हौस एवढी असेलच, तर 'स्वयम' या सरकारी पोर्टलवर व्यवस्थापन आणि कॉस्टिंगचे विषय आहेत. शिकायला फी नाही, प्रमाणपत्राच्या परीक्षेला तेवढी लागते. एखादा विषय घ्या आणि शेवटापर्यंत टिकता का ते बघा. फुकटचा कोर्स अर्ध्यात सुटला, तर ६५,००० चाही सुटला असता.

आता ती दुसरी शंका: शर्ट चांगले असून पार्टीनं परत केले किंवा पैसे अडवले. हेही शिकायचा विषय आहे, फक्त त्याला आपण शिक्षण म्हणत नाही. तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, आहे का? पत्रात उल्लेख नाही. नसेल तर करा. सरकारी संकेतस्थळावर ती फुकट होते, कुणाला हजार-दोन हजार देऊ नका. २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्याप्रमाणे, माल घेणाऱ्यानं लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही तरतूद आली: मुदतीत पैसे दिले नाहीत, तर घेणाऱ्या व्यापाऱ्याला ती खरेदी त्या वर्षीच्या खर्चात दाखवता येत नाही, पैसे देईल त्या वर्षीच दाखवता येते. त्यामुळे बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की मार्चमध्ये त्याचा सीए स्वतःच त्याला आठवण करतो. मालाबद्दलच्या तक्रारीलाही मुदत आहे: माल मिळाल्यापासून १५ दिवसांत, तीही लेखी. लातूरच्या पार्टीनं किती दिवसांनी आणि कशा पद्धतीनं कळवलं होतं, ते जरा आठवा. कोर्टकचेऱ्या करायला मी सांगत नाही. ज्या माणसाला पुढच्या सीझनला माल द्यायचाय त्याच्याशी भांडण परवडत नाही. पण कायदा माहीत असलेला माणूस चहा पिताना वेगळ्या सुरात बोलतो.

तुमच्या मनात आणखी एक असणार: शाळेशिवाय दुसरं काही शिवावं का? इथं एक सापळा आहे. शेजारच्या राज्यांत जायचं म्हटलं तर कर्नाटकातल्या शाळा साधारण मेअखेरीस आणि तेलंगणातल्या जूनच्या पहिल्या पंधरवड्यात उघडतात, सीबीएसईच्या एप्रिलमध्ये. कागदावर कॅलेंडर वेगळं दिसतं, पण तुमची फेब्रुवारी ते जूनची गर्दीच आणखी वाढते. ऑगस्ट रिकामा तो रिकामाच. ऑगस्ट भरायचा तर हॉस्पिटल, हॉटेल, सिक्युरिटी, कारखाने असं बारमाही गिऱ्हाईक लागतं. त्यांचं कापड वेगळं, माप मोठ्या माणसाचं, ऑर्डर लहान आणि दर महिन्याला. सगळं एकदम धरू नका. एकच निवडा. नर्स आणि वॉर्डबॉयचे कपडे म्हणा. शहरात आणि आसपास हॉस्पिटलं कमी नाहीत. तीन सॅम्पल शिवा, ओळखीच्या एका ठिकाणी वापरायला द्या, महिन्यानं जाऊन बघा कुठं फाटलं. ऑर्डर मिळाली नाही तरी तुम्हाला खिसा कुठं उसवतो हे कळलेलं असेल.

तुमच्या माणसांबद्दल पत्रात फार नाही, म्हणून मीही थोडंच लिहिते. मंद्यात बऱ्याच बायका विड्यांकडे वळतात आणि सीझनला सगळ्या परत येतीलच असं नाही. ज्या पाच-सहा जणी हव्याच आहेत त्यांना या दिवसांत दुसरं मशीन शिकवा: ओव्हरलॉकवालीला कॉलर, कॉलरवालीला काज-बटण. पीस रेटवर, म्हणजे नगामागे पैसे देऊन, शिकवू नका. शिकताना हात मंद चालतो आणि रोज बुडतो, मग तिला ते शिक्षण शिक्षेसारखं वाटतं. त्या दोन-तीन दिवसांची रोजंदारी द्या. मोबाईलवर स्टॉपवॉच लावून एका कॉलरला किती वेळ आणि एका साईडच्या शिलाईला किती, हेही मोजून ठेवा. सीझनला बंडलं कुठं तुंबतात ते आत्ताच कळेल. मोजताना मात्र आधी सांगा कशासाठी मोजताय, नाहीतर दर कमी करायला चाललाय अशी बातमी चहाच्या आत सगळीकडे पोचेल.

हे वाचणाऱ्यांत घरी मशीनवर शिवणाऱ्या बायका असतील, टेलरिंगची दुकानं असतील. त्यांच्यासाठी एक माहिती. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत आणि त्यांत शिंपीकाम आहे. ५ ते ७ दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि पुढे ५ टक्के व्याजानं आधी १ लाखापर्यंत आणि ते फेडल्यावर २ लाखांपर्यंत कर्ज. कुटुंबातल्या एकालाच मिळते आणि स्वतःचं काम स्वतः करणाऱ्यासाठी आहे. तुमच्यासारख्या कारखानदारापेक्षा तुमचं जॉबवर्क घरी नेणाऱ्या ताईंना ती जास्त लागू पडेल. त्यांना सांगा.

आणि ज्यांच्याकडे दिवाळीपर्यंतच्या भाड्याचे आणि बोनसचे पैसेच नाहीत, त्यांनी यातलं काही करू नये. आधी उधारी गोळा करावी. उपाशी पोटी पॅटर्न शिकता येत नाही.

तुमच्या पत्नी काय म्हणतात ते तुम्ही जरा तक्रारीच्या सुरात लिहिलंय. मला त्यांचं म्हणणं पटलं. फी भरा, ती कोर्सच्या आधी. आणि फेब्रुवारी ते जून तुम्ही घरी फक्त झोपायला येता, हे तुमच्याच पत्रातून दिसतं. सकाळचे तीन-चार तास कारखान्यात शिकायला द्या, आठवड्यातले चार दिवस. पाणी यायचा दिवस सोडून, त्या दिवशी सोलापुरात कुणाचाच अभ्यास होत नाही. दुपारनंतर घरी जा. सुरुवातीला पत्नींना संशय येईल, मग सवय होईल.

उद्या शिडी लावा आणि पोती खाली घ्या. मास्तरांनाही बोलवा, पण चुका दाखवायला नको. पहिला शर्ट त्यांच्या हातात द्या आणि विचारा, की २८ नंबरच्या पुठ्ठ्यावर कोपऱ्यात काय लिहिलंय.